सवतीला नवा रंग

आमचे व्याही जगातल्या कुठल्याही गोष्टीवर वैतागू शकतात, पण त्यांचा ठेवणीतला वैताग एका शब्दासाठी राखून ठेवलेला आहे. तो शब्द म्हणजे ऑक्सिजन.

ते बंदरावर पाणबुड्यांच्या टाक्या सांभाळतात. पाठीला टाकी बांधून पाण्याखाली जाणारी माणसं असतात ना, कुणी जहाजांचे तळ खरवडायला जातो, कुणी नुसतं मासे बघायला जातो, त्या सगळ्यांच्या टाक्या यांच्याकडे येतात. त्या धुवायच्या, उघडायच्या, आत दिवा सोडून बघायचं, पुन्हा बंद करायच्या आणि हवा भरायची. आणि दारात येणारा प्रत्येक जण म्हणतो, "काका, ऑक्सिजन भरून द्या."

"हवा!" व्याही ओरडतात. "हवा म्हणतात तिला! तू आत्ता फुकट ओढतोयस ना, तीच. दाबून बसवलेली. ऑक्सिजन पाहिजे तर दवाखान्यात जाऊन झोप."

"बरं काका, हवा. पण हवेत ऑक्सिजन असतो ना?"

इथे व्याह्यांची पंचाईत होते, कारण असतो. मग ते पाना आपटतात आणि बाकीचं बोलणं टाकीशी करतात.

मी गुडघा बदलून घेतला आणि लेकीने मला उचलून आपल्या घरी आणलं, तेव्हापासून हे सगळं मी बसल्या जागेवरून बघतोय. लेकीच्या सासरी मुक्काम टाकायला मला फार संकोच वाटला होता. पहिल्या सकाळी काहीतरी गोड बोलावं म्हणून मी बैठकीच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या टाकीकडे बोट केलं आणि म्हणालो, "व्याहीबुवा, ही तुमची ऑक्सिजनची टाकी वाटतं?"

लेकीने कपाळाला हात लावला. जावई पेपरामागे गेला. व्याही माझ्याकडे असे बघत राहिले, की मला वाटलं, गुडघा जुनाच परवडला असता.

"तुम्हीसुद्धा, नाना?" एवढंच ते म्हणाले.

त्या कोपऱ्यातल्या टाकीचीच ही गोष्ट आहे. टाकी ॲल्युमिनियमची, एखाद्या पोराच्या कमरेएवढी उंच, पट्ट्याने भिंतीला बांधलेली. कधीकाळी तिचा रंग निळा असावा. मी बघितली तेव्हा अंगभर पोपडे सुटले होते. व्याही तरुणपणी स्वतः पाणबुडे होते. पहिल्या कमाईतून त्यांनी ही घेतली. मग एकदा खोल पाण्यात कानाचा पडदा फाटला, डॉक्टरांनी पाणी बंद केलं, आणि हा माणूस किनाऱ्यावर राहून दुसऱ्यांच्या टाक्या बघायला लागला. मुखवटा विकला, पायातली वल्ही विकली. टाकी विकली नाही.

विहीणबाई तिला सवत म्हणतात. बाई मोठ्या हजरजबाबी आहेत. मी पहिल्यांदा तो शब्द ऐकून हसलो तर म्हणाल्या, "हसताय काय, नाना? मी माप ओलांडून आत आले तेव्हा ही आधीच कोपऱ्यात उभी होती. खरं बघायला गेलं तर पहिली तीच. सवत मी."

आणि सवतीचे लाड तरी किती! घरात ती उभीच ठेवायची, गाडीतून न्यायची तर आडवीच. पूर्ण रिकामी करायची नाही, आत थोडी हवा ठेवायची, म्हणजे बाहेरची ओल आत शिरत नाही. तिच्या बुडाला रबरी बूट असतो, तो दर खेपेला काढून खालचं पुसायचं, कारण सगळं मीठ आणि ओल तिथे लपून बसते. वर्षातून एकदा तिची मान उघडायची. मानेत व्हॉल्व्ह असतो, तो काढायचा, त्याचं रबरी कडं बदलायचं, आटे बोटाने चाचपायचे, आत दिवा सोडून एक डोळा मिटून बघायचं. वास घ्यायचा. तेलाचा वास आला तर खैर नाही. विहीणबाई म्हणतात, "मला ताप आला तेव्हा यांनी माझ्या घशात एवढं बघितलं नाही."

आणि काही वर्षांनी एकदा दाबाची परीक्षा. ती पाण्यात बुडवून आतून दाब देऊन करतात. टाकी किती फुगते आणि परत किती आवळते ते मोजतात. या टाकीला समुद्राचं पाणी लागून जमाना झाला, तरी व्याह्यांनी तिची एक परीक्षा चुकवली नाही. बंदरावरचे लोक चेष्टा करायचे. "काका, मुलगी कुठे दिलीत की नाही अजून? वय निघून चाललंय तिचं."

व्याही चिडायचे, पण सांगायचे नाहीत. समजावून सांगायचा त्यांना भयंकर कंटाळा. कुणी का विचारलं, की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. पहिलं उत्तर अर्धं देतात, दुसरं देतच नाहीत.

खरं कारण होतं आमची नात. आमची म्हणजे त्यांची आणि माझी. जावयाला तर अंघोळीचं पाणीसुद्धा घोट्याच्या वर आलेलं खपत नाही, त्यामुळे त्या बाजूने व्याह्यांची निराशाच झालेली. पण पोरगी निघाली पाण्याची. लहानपणी बादलीत तोंड बुडवून बुडबुडे काढत बसायची, म्हणून तिचं नाव बुडबुडी पडलं. आता ती कॉलेजात आहे, दार उघडताना कपाळ चौकटीला लागेल एवढी उंच झाली आहे, तरी नाव तेच. ती बादलीत बुडबुडे काढायची तेव्हा व्याह्यांनी तिला शब्द दिला होता, "तुझी पहिली बुडी माझ्या टाकीबरोबर." तेवढ्यासाठी ती सगळी धुणीपुसणी, तेवढ्यासाठी त्या परीक्षा.

आणि तो दिवस आला. बुडबुडीचं तलावातलं शिक्षण संपलं. येत्या रविवारी समुद्र.

व्याह्यांनी टाकी उघडली. सगळ्या घराला बैठकीतून हद्दपार करून आत बघितलं. आतून लख्ख. व्हॉल्व्ह काढून कामावर न्यायला रुमालात बांधला, टाकीच्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा कोंबला, "हात लावायचा नाही," असं भिंतीला सांगितलं, आणि तेवढ्यात त्यांना पलीकडच्या बंदरावर हवा भरायच्या यंत्राच्या दुरुस्तीला जावं लागलं. जाताना दारातून परत फिरले. "हिला उन्हात नेऊ नका!"

"नाही नेत," विहीणबाई म्हणाल्या. "रंग उतरेल ना. माहीत आहे."

ते हो म्हणाले की नुसतेच गेले, ते मला आठवत नाही.

ते गेल्यावर विहीणबाई खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या. खूप वेळ बसल्या. मग मला म्हणाल्या, "नाना, पोरीच्या पहिल्या बुडीला ही अशी जाणार? पोपडे सुटलेली? चार लोक बघतील. म्हणतील, या घरात बाईमाणूस आहे की नाही."

"सवतीची एवढी काळजी?" मी म्हटलं.

"काय करता? एकत्र म्हाताऱ्या झालो."

दुसऱ्या दिवशी सासूसुनांनी मिळून टाकी गाडीत घातली. आडवी घातली बरं का, गादी अंथरून. फाटकं आणि सायकली रंगवणाऱ्याकडे नेली. संध्याकाळी परत आली ती अशी, की मी ओळखलीच नाही. हळदीसारखी पिवळी, तुकतुकीत, कुठे ओरखडा नाही. रंगवाल्याने तर शपथेवर सांगितलं होतं, की हा रंग ऊन, पाऊस, खारं पाणी कशाला हटायचा नाही. विहीणबाईंनी ती कोपऱ्यात उभी केली, पट्टा बांधला, वरून चादर टाकली, आणि नवऱ्याची वाट बघत बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांना मी असं वाट बघताना पाहिलं नव्हतं. चहा तीनदा गरम केला.

व्याही आले ते यंत्रावर, तिथल्या लोकांवर आणि बसच्या ड्रायव्हरवर चिडत आले. विहीणबाईंनी काही न बोलता चादर ओढली.

व्याही थांबले. पिशवी खाली ठेवली. जवळ गेले, टाकीवरून हात फिरवला. "अरे," म्हणाले. मग म्हणाले, "छान."

छान! माझ्या कानांनी ऐकलं. लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिलाही खरं वाटेना.

मग व्याह्यांनी सवयीने नखाने रंग खरवडून बघितला. निघाला नाही. जोर लावला. तरी निघाला नाही. हात तिथेच थांबला.

"हा ब्रशने लावलेला नाही."

"ब्रशने कशाला?" विहीणबाई खुशीत होत्या. "पक्का करून घेतलाय. पूड मारतात आणि भट्टीत भाजतात."

"भट्टीत."

"हो. आम्ही समोर चहा घेऊन आलो तोवर झालं."

व्याही जमिनीवर बसले. बसले म्हणजे गुडघे मुडपून, टाकीला पाठ लावून, जसा माणूस वाट चुकल्यावर मैलाच्या दगडाला टेकतो. कुणाला काही कळेना.

"काय झालं, बाबा?" लेकीने विचारलं.

"गेली," ते म्हणाले. "मेली ती."

मग एकदम भडका उडाला. "भट्टीत घातलीत? ॲल्युमिनियम आहे ते! त्याला ताकद येते ती ठरावीक तापावर मुरवून. पुन्हा तापवलं की उतरते सगळी. दिसायला तशीच दिसते. चकचकीत दिसते! आणि हवा भरली की एखाद्या दिवशी बॉम्बसारखी फुटते. पोरीच्या पाठीवर!"

"मग रंग खरवडून काढा," विहीणबाई म्हणाल्या. चेहरा उतरला होता, पण हार मानणारी बाई नव्हे.

"रंगाचं काय घेऊन बसलीस? रंगाने काही झालेलं नाही!"

जावई म्हणाला, "दाबाची परीक्षा घ्या की पुन्हा. पास झाली तर झाली."

"आज पास होईल. उद्याचं कोण सांगणार? तू?"

"पण थोडाच वेळ तर होती आत..." लेक म्हणाली.

"नाना, तुम्ही तरी गप्प बसा," व्याही म्हणाले. मी बोललोच नव्हतो, पण बोलणार होतो, हे खरं आहे.

ते फेऱ्या मारायला लागले. ती बैठक एवढीशी, चार पावलांत वळावं लागतं, त्यामुळे वैतागही नीट करता येईना. बंदरावरच्या एका माणसाची होडी पेटली होती, ते सांगायला लागले. त्याची टाकी आगीजवळ उभी होती. वर काळा डागही नव्हता. तो पाया पडत होता, आणि व्याह्यांनी त्याच्यादेखत टाकीला भोक पाडलं होतं, म्हणजे पुन्हा कुणी ती भरू नये. "त्याने मला काय काय शिव्या घातल्या! मी म्हटलं, घाल. घाल, पण जिवंत राहून घाल. आता मी कुणाला घालू?"

"मला घाला की!" विहीणबाई ताडकन उभ्या राहिल्या. "मीच नेली ना? पण इतकी वर्षं हिला न्हाऊ-माखू घातलंत, एकदा तरी तोंडाने सांगितलंत, की हिला तापवली की ही मरते?"

"सांगितलं नाही? शंभरदा सांगितलं! उन्हात नको, चुलीपाशी नको, बंद गाडीत नको..."

"आणि का नको?"

व्याह्यांच्या फेऱ्या थांबल्या.

"लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं तुम्हाला," विहीणबाई म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता. "मी हिला गच्चीत उन्हात ठेवली होती, सर्दट वास येत होता म्हणून. तुम्ही धावत आलात, उचलून आत आणलीत. मी म्हटलं, का हो? तुम्ही काय म्हणालात?"

व्याही टाकीचा पट्टा घट्ट करायला लागले.

"'रंग उतरतो' म्हणालात. दर वेळी तेच. मी म्हटलं, आता न उतरणारा लावू. म्हणजे पोर तिला खुशाल उन्हात घेऊन फिरेल."

मी व्याह्यांकडे बघत होतो. वैतागलेल्या माणसाला वैताग टाकायला जागा लागते, बायको, जावई, बसचा ड्रायव्हर, काहीतरी. त्या क्षणी त्यांना जागाच उरली नाही. तेव्हा नवी नवरी का म्हणून विचारत होती, आणि हा गडी ॲल्युमिनियमचं सगळं पुराण सांगायचा कंटाळा म्हणून दोन शब्दांत मोकळा झाला होता. ते दोन शब्द बाईंनी संसारभर जपले.

ते जेवले नाहीत. विहीणबाईही जेवल्या नाहीत. मी जेवलो, माझ्या गोळ्या असतात.

सकाळी बुडबुडी वसतिगृहातून आली. पायातली चप्पल उडवायच्या आधी तिला टाकी दिसली. "आजोबा! कसली भारी दिसतेय! आजी, तू केलंस?" तिने टाकीला मिठी मारली, मग आजीला मारली. "मग रविवारी हीच ना?"

"बघू," व्याही म्हणाले.

हा माणूस कधी बघू म्हणत नाही. हो म्हणतो नाहीतर ओरडतो. म्हणून मी कान टवकारले. टाक्या तपासून पास करायचा शिक्का त्यांच्याच हातात. त्यांनी मारला तर कोण विचारणार होतं? ते टाकीपाशी गेले, बोळा काढला, दिवा आत सोडला आणि एक डोळा मिटून बघत राहिले. आतून ती पहिल्यासारखीच लख्ख असणार. मग त्यांनी तोंडापाशी आट्यांवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मला वाटलं, हा माणूस आता स्वतःची समजूत घालतोय.

बुडबुडीने तेवढ्यात विचारलं, "आजोबा, हिच्याबरोबर मी किती खोल जाऊ शकते?"

व्याह्यांनी दिवा बाहेर काढला. आतल्या खोलीत गेले आणि ड्रिल मशीन घेऊन आले.

"ही नाही," ते म्हणाले. "दुसरी आणतो."

"पण तुम्ही प्रॉमिस केलं होतंत! लहानपणापासून सांगताय!"

"केलं होतं. आता मोडतोय. भांड माझ्याशी."

आणि मग त्यांनी ड्रिल जमिनीवर ठेवलं, आणि उभ्या-उभ्या नातीला सगळं सांगितलं. ताप, ताकद, भट्टी, सगळं. अधूनमधून कपाळावर आठ्या येत होत्या, पण सोडलं काही नाही. विहीणबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

टाकी बाल्कनीत नेली. ड्रिल लावलं, पण तो रंग एवढा पक्का आणि अंग एवढं गोल, की पातं सुर्रकन घसरायचं. एकदा घसरलं, दोनदा घसरलं. व्याह्यांनी रंगवाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. जावई मदतीला आला, त्याच्या हातून टाकी घरंगळली.

"सरका," विहीणबाई म्हणाल्या. पदर खोचला, आडव्या टाकीवर ठाण मांडून बसल्या आणि दोन्ही हातांनी ती घट्ट दाबून धरली. "आता चालवा."

"हाताला लागेल तुझ्या."

"हिला धरून बसायची सवय आहे मला. चालवा म्हणते ना!"

व्याह्यांनी चालवलं. आधी पिवळी पूड उडाली, मग खालून चंदेरी किस निघाला. मधेच आवाज बदलला आणि पातं आत गेलं. व्याही थांबले. विहीणबाई लगेच उठल्या नाहीत. भोकावर हात ठेवून बसून राहिल्या, आणि त्यांच्या बोटाला तो किस चिकटला होता.

रविवारी आम्ही सगळे धक्क्यावर गेलो, मीसुद्धा, काठी घेऊन. बुडबुडीच्या पाठीवर कामावरची टाकी होती, करड्या रंगाची, कुणाचीही असावी अशी. पण तिच्या मानेला व्हॉल्व्ह मात्र जुन्या टाकीचा होता. तो रुमालात कामावर गेला होता, म्हणून भट्टीतून वाचला. व्याह्यांनी नवं कडं घालून, माप जुळतंय याची चार वेळा खात्री करून तो स्वतः बसवला होता. तरी समाधान नाही. पट्टा ओढ, हवा बघ, पुन्हा बघ. "आजोबा, आता सोडा ना!" पोरगी म्हणाली आणि शिक्षकाबरोबर पाण्यात गेली.

वर नुसते बुडबुडे राहिले. आम्ही त्यांच्याकडे बघत उभे. बुडबुडे लांब लांब जायला लागले तशी विहीणबाईंनी नवऱ्याची बाही धरली.

"अहो, ऑक्सिजन पुरेल ना तिला?"

मी डोळे मिटून घेतले. जावई दोन पावलं मागे सरकला. व्याह्यांचे कान लाल झाले, मानेची शीर फुगली, तोंड उघडलं. मग त्यांनी एक लांब श्वास घेतला.

"ऑक्सिजन नसतो तो," ते सावकाश म्हणाले. "साधी हवा असते. आपल्या भोवतीची. ती यंत्राने आधी कोरडी करतात, कारण ओल आत गेली तर..." आणि त्यांनी सुरुवात केली. हवा कशी गाळतात, कशी दाबतात, भरताना टाकी का गरम होते, म्हणून हळूहळू का भरायची, खोल गेलं की हवा लवकर का संपते, काट्यावर किती उरली की वर यायचं. विहीणबाई बुडबुड्यांवरची नजर न काढता ऐकत होत्या. ते थांबायचं नाव घेईनात. ओल झाली, गंज झाला, रबरी कडं झालं, ते पुन्हा ॲल्युमिनियमवर आले.

"अहो, कळलं," शेवटी विहीणबाई म्हणाल्या. "पण पुरेल की नाही, ते सांगा."

"पुरेल," व्याही म्हणाले.